करवंदीखालची माती

प्रिय अर्णव,

फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू" म्हणतोस आणि ते नंतर काही येत नाही. म्हणून हे पत्र. वाघोलीला, तुझ्या घराकडे निघालेल्या सोसायटीतल्या मच्छिंद्रच्या हातीच पाठवते आहे. ते मध्येच कट करता येणार नाही.

टेकडीच्या मागच्या उतारावर, आपल्या राईत, तोडायच्या झाडांना पांढरे पट्टे मारलेत. धावडा, पळस, बहावा, करंज, काटेसावर, कुणालाही सोडलेलं नाही. पायथ्याशी जेसीबी उभा आहे, निळ्या ताडपत्रीखाली. आम्ही सकाळी फिरायला जाणारे त्याच्या बाजूनं दबक्या पावलांनी जातो, आवाजानं तो जागा होईल की काय असे. श्यामलाताई म्हणाल्या, "हेमाताई, माईक नसतानाही बोलणाऱ्या तुम्ही, आणि आज गप्प?" मी ऐकत होते. राईत एरवी या वेळी कलकलाट असतो. आज पाखरू नव्हतं.

ऐकू येत होता तो फक्त दत्तप्रसादकाकांचा खराटा. आठवतात ना? बँकेतून निवृत्त झाल्यापासून राईतल्या पाराभोवतीचं अंगण त्यांनी आपलं मानलंय. पडलेलं पान दिसलं की झाडायचं, ढीग करायचा, पेटवायचा. रविवारी सगळा ग्रुप खराटे घेऊन हजर, आणि त्याचं नाव श्रमदान. "इथे पान वाढून जेवावं इतकं स्वच्छ ठेवतो आम्ही. तुम्ही भाषणं करा," असं ते मला कितीदा म्हणाले असतील. "अहो, जेवायला बसलेल्या झाडांपुढचं ताट तुम्ही उचलताय," असं मीही तितक्याच वेळा सुनावलंय. आज ते पांढरे पट्टे मारलेल्या झाडांखालीही मन लावून झाडत होते.

पुढच्या उताराची अवस्था तू जाताना पाहतोसच. सगळं गिरिपुष्प, एकच जात, एकाच मापाची सावली. खालची माती विटकरीसारखी. गेल्या वर्षी तिकडून लाल पाणी थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलं. मागच्या उताराचं पाणी मात्र वरच मुरलं, कारण तिथे एकाचं पान लवकर कुजतं, दुसऱ्याचं सावकाश. एकाची मुळं वरवर पसरतात, दुसऱ्याची खडक शोधत जातात. प्रत्येक जण आपल्या परीनं मातीत कर्ब पुरून ठेवतो. खोडातला कर्ब कुऱ्हाडीबरोबर जातो. मातीतला तिथेच राहिला असता, पण माती उघडी पडली की तोही उडून जाईल. तिथे मग जमिनीचा मालक ट्रस्ट एकाच जातीची झाडं लावून, त्यांनी हवा शुद्ध केल्याचं प्रमाणपत्र विकणार. याला मी व्यापार म्हणत नाही. घर जाळून राखेची पुडी प्रसाद म्हणून वाटणं आहे हे.

तुमच्या कंपनीचा माती तपासणीचा अहवाल ट्रस्टनं आम्हाला वाचायला दिला. त्यात म्हटलंय की राईतल्या मातीत गिरिपुष्पाखालच्या मातीपेक्षा जास्त कर्ब नाही, सबब राई काढायला हरकत नाही. मी नकाशा घेऊन राईत गेले. मातीचे नमुने घेतलेले सगळे खड्डे पाराभोवती आहेत, दत्तप्रसादकाकांच्या अंगणात. वर्षानुवर्षं जिथे एक पान कुजू दिलं नाही, तिथे. करवंदीच्या जाळीत, जिथे खराटा शिरत नाही, एकही खड्डा नाही. श्यामलाताई म्हणाल्या, "हडपसरच्या एसी ऑफिसातली पोरं, त्यांना काय ठाऊक काका कुठे झाडतात ते!" मी मान हलवली. हो म्हटलं नाही.

कारण दहावीच्या प्रकल्पासाठी तू याच राईतून दोन बरण्या माती आणली होतीस. एक अंगणातली, फिकट. दुसरी करवंदीखालची, काळी, ओली, वासाची. हात ओरबाडून घेतले होतेस आणि काकांशी तावातावानं भांडून आला होतास. त्या बरण्या अजून तुझ्या खोलीच्या खिडकीत आहेत. दोन्हींवर तू चिठ्ठ्या चिकटवल्या आहेस.

आणि अहवालाखाली सही तुझी आहे.

रविवारी ट्रस्टची सभा आहे, मला बोलायचं आहे. मी कसं बोलते ते तुला माहीत आहे. समोर कोण बसलंय हे पाहून माझा आवाज कधी बदललेला नाही. आता बदलला तर आजवरचं सगळं बोलणं वाया गेलं म्हणायचं. म्हणून तुला आधी लिहिते आहे. शनिवारी सकाळी राईत ये. करवंदीत नवा खड्डा घे, आणि तिथल्या मातीचं जे असेल ते सभेत तुझ्या तोंडून येऊ दे. कुदळ मी आणते. नाही आलास, तर त्या दोन बरण्या मी टेबलावर ठेवीन. चिठ्ठ्यांवरचं अक्षर कुणाचं, असं कुणीतरी विचारेलच. मी सांगेन.

तुझीच,
आई