वाटाण्यांचं काही चुकलं नव्हतं

आये, तुझ्या नातवाला मुलगी झाली. पनवेलच्या हॉस्पिटलात नर्सने तिला माझ्या हातात दिलं आणि मी, तू बघायचीस तसे, तोंडाआधी कान बघितले. दोन्ही कोरे. कान गालाला जुळतो तिथलं ते जन्मतःच असणारं, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र तुला होतं, मला आहे, माझ्या एकुलत्या मुलाला आहे, तिला नाही. सुनेची तब्येत बघता डॉक्टरांनी दुसरं मूल नको म्हणून बजावलंय. म्हणजे संपलं.

खाडीकाठच्या आपल्या पाड्यात घरं ती किती, पण निम्म्या कानांना ते होतं. तू बाळंतिणीच्या खाटेशी बसायचीस, बाळाचा कान चाचपायचीस आणि हसायचीस, "आपलं हाय." मग पाड्यातल्या माणसांनी भरलेली होडी खाडीत उलटली. गेलेल्यांत बहुतेक छिद्रवालेच निघाले, आणि खाडीने काही कान बघून माणसं नेली नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीला छिद्र होतं, तिला मूलच झालं नाही. भावाला नव्हतं, त्याला चार झाली. पुढे जमिनी गेल्या, पाडा पांगला. लग्नामयताला कुणी भेटलं की मी आधी कान बघते. सगळे कोरे.

कॉलेजात मी जन्मभर हेच शिकवलं. डब्यात वाल आणि वाटाणे मिसळायचे, डोळे मिटून मूठ काढायची, मुठीत जसे आले त्याच प्रमाणात पुढचा डबा, म्हणजे पुढची पिढी, भरायचा. मूठ मोठी असेल तर फारसं बिघडत नाही. लहान असली की काही फेऱ्यांतच वाटाणे संपतात, त्यांचं काही चुकलेलं नसताना. तुला हे मी स्वयंपाकघरात सांगितलं होतं, तू बोंबील साफ करत होतीस. म्हटलं, प्रत्येक मुलामागे छापा-काटाच असतो. तू विळीवरून मान वर केलीस. "मंग माजी पोरं म्हंजे काय नाणी हायेत?" म्हणालीस आणि बोंबलांची परात उचलून ओटीवर जाऊन बसलीस.

तेव्हा मला तुझा राग आला होता. आता वाटतं, कुणाचं तरी चुकलेलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. इथे भांडायला कुणीच नाही, आणि करण्यासारखंही काही उरलेलं नाही.

ते छिद्र जन्मानंतर येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी, तुलाच सांगते, आंघोळीनंतर कान पुसायच्या निमित्ताने मी रोज बघते. आज सून म्हणाली, "आई, किती पुसताय, लाल झालाय तो." उद्यापासून आंघोळ तीच घालणार आहे.