पाखरं न उतरलेली ज्वारी

होटगी,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. युवराज यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. थंडी ओसरली, आप्पांचा गुडघा बरा आहे. हे फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या प्रयोगशाळेनं जनुकं बदलून केलेली ज्वारी खालच्या तुकड्यात आली. एवढ्याशा ओलीवर अशी भरलेली कणसं आप्पांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी हौसेनं पाखरं राखायला माळा घातला, गोफण काढली. पण पाखरं उतरलीच नाहीत रे. थवा बांधापर्यंत यायचा आणि हवेतच वळायचा. शेजारी गुरुलिंगच्या रानात मात्र नुसता कलकलाट.

परवानगी मिळेपर्यंत यातलं खायचं नाही, असं तू बजावलं होतंस. पण संक्रांतीनंतर आप्पांनी हुरडा भाजलाच. "माझ्या लेकानं केल्याली ज्वारी, अन् मीच चाखू नगं व्हय?" लई गोड होता, म्हणाले.

तेव्हापासून म्हैस त्यांना धार काढू देईना. कुत्रं हाक मारली तरी लांबच उभं राहतं. आप्पा हसण्यावारी न्यायचे. एकदा हौदापाशी मला हळूच विचारलं, "सोनाली, माझ्या अंगाला कसला वास येतुया का गं?"

मी जवळ जाऊन पाहिलं. "न्हाय की आप्पा."

खरंच, कसलाच वास नव्हता. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला घामाचासुद्धा नाही.

हुरडा मीही खाल्ला, युवराज. बाळंतपणाला आलेली लेक म्हणून पहिली मूठ त्यांनी माझ्याच हातावर ठेवली.

आठवडा झाला, बाळ माझ्या अंगावर पीत नाही. छातीशी धरलं की मान फिरवून अंग ताठ करतं. रडत नाही, नुसतं वाट बघतं, कुणीतरी सोडवायची. शेजारच्या मल्लव्वानं उचललं की लगेच बाटली ओढतं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी.

आज सकाळी आप्पांनी सगळा तुकडा कापून पेटवला. तुझी इतक्या वर्षांची मेहनत. मी पाहत उभी राहिले, अडवलं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव.

तुझ्या प्रयोगशाळेची माणसं पीक पाहायला येण्याआधी तू ये. दारातून बोलू नकोस, अगदी जवळ येऊन बस, आणि आमच्या अंगाला आमचा वास येतो का, ते खरं सांग.

तू तरी ओळखशील, या आशेवर असलेली,
तुझी अक्का