पोटखराब

कोपरगाव,
९ जून २०२५

ती. सत्यशीलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू दोनदा ‘ऐकू येत नाही’ म्हणालीस, तेही नेमका ‘सही’ शब्द आल्यावर. म्हणून पत्र.

कळवण्यास आनंद होतो की आपल्या मळ्यात माझी ‘सुगरण पार्क’ ही बंगल्यांची स्कीम उभी राहतेय. विहिरीवरच्या बाभळी काढायच्या, ओढा पाइपात घालायचा. पण आम्हालाही निसर्गाचं प्रेम आहे हं! गेटवर फायबरची सुगरणीची घरटी टांगणार, आत दिव्यांसकट.

आता तुझं हक्कसोडपत्र तेवढं राहिलंय. आणि ओढ्याचं काय घेऊन बसलीस? सातबाऱ्यावर तो तुकडा पोटखराबच आहे, तिथं कधी काही पिकलं नाही. तुझी सूनबाई निकिता आठवण काढते. सही कर आणि आठ दिवस राहून जा.

तुझा लाडका (सही होईपर्यंत तरी),
रविराज

श्रीरामपूर,
१६ जून

चि. रविराजास अनेक उत्तम आशीर्वाद.

ऐकू येत नसलं तरी वाचता येतं मला. फायबरच्या घरट्यांचं वाचून ऊर भरून आला. पाखरांना थेट रेडी पझेशन! त्यांना कळवलंस का?

सुगरणीचं घरटं विणतो नर, नाव बाईचं. तुझ्या पार्कात उलटं, जमीन बाईच्या वाट्याची आणि नाव तुझं. शिवाय तो बिचारा अर्धं विणून मादीला दाखवतो, तिला पसंत पडलं तरच पुरं करतो. आगाऊ बुकिंग घेत नाही.

सही करते. काळ्या रानातला माझा सगळा हिस्सा घे. मला फक्त ते पोटखराब दे, ओढा-विहीर धरून, माझ्या नावावर. काही पिकत नाही म्हणतोस, तर म्हातारीला तेवढं पुरे.

तुझी बहिरी आत्या,
सत्यशीला

कोपरगाव,
२८ जुलै

ती. आत्यास शि. सा. न.

आत्या, घात केलास! हक्कसोड झाली त्या दिवशी मी कचेरीत पेढे वाटले. रानाच्या बदल्यात काटेकुटे मागणारी आत्या कुणाला मिळते, म्हणून फुशारकी मारली. मला वाटलं, पोटखराब म्हणजे हातभर रुंदीचा ओढा. तुझ्या नावावर राहू दे, वरून पाइप आणि रस्ता गेला तर तुला श्रीरामपुरात काय कळणार?

काल मोजणी झाली. आजोबांनी दोन्ही काठांच्या बाभळी, बोरी, सगळंच त्यात नोंदवून ठेवलंय! नकाशावरचं माझं गेट आणि क्लब हाउस तुझ्या बाभळीत येतंय. मोजणीवाल्यांनी हसू दाबलं, निकिताने तेही दाबलं नाही. बुकिंगवाले रोज विचारतात. पाया पडतो, तेवढा तुकडा परत दे.

तुझा फसलेला,
रविराज

श्रीरामपूर,
४ ऑगस्ट

चि. रविराजास आशीर्वाद.

पेढे मला नाही पाठवलेस ते! दादांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, सगळं कळत होतं. इथं नांगर घातला तर तितर-मुंगसांनी कुठं जायचं, असं घरात म्हणायचे आणि तलाठ्यापुढे ‘पोटखराब’ एवढंच बोलायचे.

परवा मी न कळवता मळ्यात येऊन गेले. तुझ्या माणसाने विचारलं, आजी, बंगला बघायला आलात का? माझ्याच माहेरात! मग विहिरीवर बसले. बाभळीवर अकरा घरटी लोंबत होती, त्यातली चार अर्धी, बहुतेक नापसंत. बाकी काहीच ओळखू येईना. रडू आलं रे मला.

तुकडा मिळणार नाही, वाट मिळेल. ओढ्यावर पूल बांध, पाइप नको. गेट पश्चिमेच्या बांधाला ने. काठाला भिंत नको आणि विहिरीवर दिव्यांचा उजेड पाडायचा नाही. पसंत असेल तर लेखी कळव, फोनवर मला ऐकू येत नाही.

हक्कसोड हा शब्द तुला फार आवडतो ना? एवढ्या रानावरचा हक्क मी सोडला, भावाचं लेकरू म्हणून. तू एका ओढ्यावरचा सोड.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच असू दे. जमिनीवरचा थोडा कमी करावा, ही विनंती.

तुझी आत्या,
सत्यशीला