अंगावरचं पोलकं

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रणय,
ताईचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडं ठीक. थंडी पडलीय. तुझ्या पोलंडसारखी नाय, पण आईला दुपारीही शाल लागते. फोनवर बोलताना ती शेजारीच असते, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय.

तू सांगितलेलं आईला सांगितलं बरं का. रशियन, पोलिश, झेक वेगळ्या व्हायच्या आधी तिकडं एकच जुनी बोली होती, तिच्यात शिवायला ‘शिती’ म्हणायचे, अन् त्याचं मूळ आणि आपल्या ‘शिवणं’चं मूळ एकच. आई लई खूश! म्हणाली, "म्हंजे तिकडच्या बायाबी थंडीत कातडी शिवत बसल्या असतील. उभा जन्म मशीनवर गेला माझा, हे कुणी सांगितलंच नाय." मग शेजारच्या गोजरबाईंना बोलावून मला परत सगळं सांगायला लावलं. कौतुक काही विचारू नको.

तू विचारलंस, आई हल्ली काय शिवते. मी म्हटलं, गिऱ्हाइकं कमी झालीत. खोटं होतं ते. मशीन दिवाळीच्या आधीपासून बंद आहे. तिला बसवतच नाय.

काल तिचं पोलकं खांद्यावरून घसरत होतं, इतकी वाळलीय. काढून शिलाई आत घ्यावी, तर तिचा हात वर होत नाय. तुला आठवतं ना, अंगावर कपडा शिवू द्यायची नाय ती? शाळेच्या घाईत बटण तुटलं तरी शर्ट काढायला लावायची. "जित्या माणसाच्या अंगावर सुई चालवत नसतात, मेलेल्याच्या चालवतात." विहारात जाते अन् हे कसलं खूळ, म्हणून आपण हसायचो. काल मी सुई घेऊन नुसती उभी राहिले. तर म्हणाली, "शिव आता. काय होतंय." अन् तोंड भिंतीकडं वळवलं. माझ्या हातानं टाका पडेना रे.

पोटात गाठ आहे, पसरलीय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच सांभाळा. तुझा ‘शिती’वरचा प्रबंध होईस्तोवर तुला कळवायचं नाय, अशी शपथ घातलीय तिनं मला. ती मोडतेय. रागावू दे तिला. प्रबंध उन्हाळ्यातही होईल. आई उन्हाळा बघायची नाय.

तिकीट काढ. तिला फोन करून सांगत बसू नको, सरळ दारात ये.

हे एकटीला झेपत नाय आता.

तुझी,
विशाखाताई