शेवटची ओळ किती हळू

पप्पा, तुम्ही बँडसाठी बांधलेली धून रविवारी ठाण्यात वाजणार आहे. वाजवणारी मुलं कल्याण-डोंबिवलीच्या कॉलेजातली. त्यांच्यातल्या कोणीच तुम्हाला पाहिलेलं नाही. तुमच्या नोटेशनमध्ये स्वर चोख आहेत, पण कुठे हळू, कुठे जोरात, याची एकही खूण नाही. काल तालमीत व्हायोलिनवाल्या मुलीने विचारलं, "मॅडम, शेवटची ओळ किती हळू?" मी सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

नववीत मी पहिली रचना लिहिली तेव्हा प्रत्येक स्वराखाली खूण केलेली. कोणी चुकीचं वाजवेल याची मला फार भीती. कळव्याच्या समाजमंदिरात तुमच्या बँडची तालीम होती. क्लॅरनेटवाले काका कागद नाकाशी नेऊन म्हणाले, "श्वास कधी घ्यायचा तेवढं राहिलं बघ, पोरी." सगळे हसले, तुम्ही नाही. "इतकं लिहिलंस तर ही माणसं कागद बघतील, एकमेकांना ऐकणार नाहीत," असं म्हणून तुम्ही निम्म्याहून जास्त खुणा खोडल्यात. घरी येताना मी तुमच्या पुढे पुढे चालले.

घरात मात्र तुमचं माप नेमकं असायचं. मम्मी हॉस्पिटलची रात्रपाळी करून आत झोपलेली आहे, तुम्ही ओट्याला टेकून ट्रम्पेट ओठांना लावताय, मी पोहे निवडतेय. "हळू म्हणजे मम्मी कूस बदलणार नाही इतकं," तुम्ही सांगता आणि तीच शेवटची ओळ वाजवता.

तुम्ही खुणा लिहीत नव्हता, कारण तुम्ही समोर उभे असायचात. डावा हात जरा खाली आला की अख्खा बँड खाली यायचा. आता तो हात नाही, म्हणून मी लिहिल्या. जिथे तुमचा हात आठवला तिथेच, जास्त नाहीत. शेवटच्या ओळीशी अडले. मम्मीला विचारलं. ती म्हणाली, "मी झोपलेली असायचे गं. मला कसं माहीत असणार?" मग कितीतरी वेळ ती ओट्यापाशीच उभी राहिली.

त्या ओळीखाली हळूची खूण केली, खोडली, पुन्हा केली. तुमचा हात खाली येताना दिसतो, पप्पा, पण आवाज येत नाही. मुलांना मी सांगून बसलेय, ही धून मला पाठ आहे. स्वर पाठ आहेत.