खाऱ्या बाजूचं झाड

मी, सत्यवती केशव आजगावकर, वय वर्षे सेहेचाळीस, अविवाहित, व्यवसाय चित्रकला शिक्षिका, राहणार वायरी, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या पेनाने, पडवीत बसून, दुपारचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसं नाही असं तोंडावर म्हणणारे दोघे-तिघे गावात आहेत, पण वकिलांनी मला चार प्रश्न विचारले आणि चालेल म्हणाले. कोणी माझ्यावर दडपण आणलेलं नाही. उलट माझा धाकटा भाऊ गुरुदास सकाळपासून मागे लागला आहे, "ताई, तुका काय जाला नाय आणि मृत्युपत्र कसला लिवतंस? बरा दिसना नाय."

कारण एवढंच की पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला माझं पिशवीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काहीच नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं, म्हणून मी लिहायला बसले. सगळं नीट झालं तरी महिनाभर तिकडेच विश्रांती घ्यायची आहे, आणि तो महिना वैशाखाचा. माझ्या पश्चात घराचं, पुस्तकांचं, कपड्यांचं काय व्हायचं ते होईल. पण माझ्याकडे दीड वीत उंचीचं एक झाड आहे. त्याला एप्रिल-मे मध्ये दोन दिवस पाणी मिळालं नाही तर ते मरेल. हे सगळं लिहिणं खरं म्हणजे त्याच्यासाठी आहे. बाकीची कलमं सोबतीला.

वकिलांच्या मसुद्यात 'स्थावर' आणि 'जंगम' असे दोन भाग होते. मी विचारलं, झाड स्थावर की जंगम? ते म्हणाले, "कुंडीसकट उचलता येतं ना? मग जंगम."

कलम १. साक्षीदारांबद्दल आधीच लिहिते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीची सही करू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. सौ. यशोदा गुरुदास आजगावकर, म्हणजे माझी भावजय, हिला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. म्हणून साक्षीदार म्हणून तिचं नाव मी मुद्दाम घातलं आहे. कारण कलम ४ मध्ये येईल.

कलम २. या घरातला माझा अर्धा हिस्सा माझ्या बहिणीची मुलगी मथुरा हिला. अट एकच, पश्चिमेकडची पडवी बंद करून तिथे खोली काढू नये. दुपारी चारनंतरचा उजेड तिथे जसा येतो तसा मी कुठे पाहिलेला नाही, आणि उजेड पाहणं हाच माझा धंदा. रेडिओ मथुरेच्या आईला. तो खरखरतो, पण तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघांचं जमेल.

कलम ३. बँकेत जे आहे ते शाळेला, चित्रकलेचे कागद आणि रंग घेण्यासाठी, दुसऱ्या कशासाठीही नाही. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे भाई म्हणतात, यांनी परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला दिला. विचारलं की म्हणायचे, "बाई, चित्राने कोणाचं पोट भरलंय?" माझं भरलं, भाई. माझी जलरंगांची पेटी मी त्यांना ठेवते आहे. त्यांनी एकदा तरी पाण्याने भरलेला काचेचा पेला समोर ठेवून तो काढून पाहावा. मग आपण बोलू, म्हणजे मी असले तर.

कलम ४. आता झाड.

हे ज्युनिपर जातीचं आहे. मूळचं थंड मुलखातलं, सुरूसारखं दिसणारं, पण पान बारीक आणि गच्च. १९७४ साली परीक्षेसाठी मुंबईला गेले होते तेव्हा झाडांच्या एका प्रदर्शनात मी पहिल्यांदा बोन्साय पाहिलं आणि साडीसाठी नेलेल्या पैशांत हे रोप घेतलं. एस.टी.त सबंध रात्र मांडीवर घेऊन आणलं. आईने विचारलं, "साडी खंय?" मी कुंडी पुढे केली. आई म्हणाली, "ही नेसूची कशी?"

पाच वर्षं मी ते वाढवलं. नेमकं सांगायचं तर वाढू दिलं नाही. सरळ बुंधा, दोन्ही बाजूंना सारख्या फांद्या. चित्रकलेच्या पहिलीतल्या पोराने काढावं तसं झाड, पण मला त्याचा फार अभिमान होता.

मे १९७९. पेपर तपासायला मी पंधरा दिवस कोल्हापूरला गेले होते. परत आले तर झाडाची समुद्राकडची बाजू तांबूस पडलेली, हात लावला की पानं झडत होती. यशोदा तेव्हा नवी नवरी, मिठबावची, माडांच्या बागायतीत वाढलेली. हसत पुढे आली.

"वन्सं, बिचारा वाढूक नाय म्हणान मिया दोन मुठी मीठ घातलंय. आमच्या मिठबावात माडाक घालतत. बघा आता कसा फोफावता ता!"

खडे मीठ. दोन मुठी. कुंडीच्या एका कडेला, छान दाबून, वर माती सारलेली.

मी माती उपसली, मुळं पाच वेळा धुतली. ज्युनिपरचं असं असतं की ज्या बाजूचं मूळ, त्याच बाजूच्या फांद्यांना ते पाणी पोचवतं. मिठाकडची मुळं गेली, त्यांच्यावरची बाजू गेली. उरलेली अर्धी जगली. त्या दिवशी मी यशोदेला जे बोलले ते इथे लिहीत नाही, आणि त्यानंतर आठ वर्षं काही बोललेच नाही. एका घरात न बोलता राहणं कठीण नसतं. मधे मांजर ठेवलं की झालं. ती म्हणते, "गो माऊ, वन्संक सांग, आमटी थंड जाता." मी म्हणते, "माऊ, तिका सांग, इलंय." आत्ताचं मांजर हे या कामावरचं तिसरं आहे.

तर हे झाड मी माझा भाऊ चि. गुरुदास याला देत आहे, कारण त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात मी पेपर तपासायला गेले की त्याने ते जिवापाड सांभाळलं. एकदाही मला परत आल्यावर माती कोरडी दिसली नाही.

कलम ५. झाड कसं घडलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढच्याला कळेल की काय तोडायचं नाही.

मेलेली बाजू कापून टाकावी असं मला तीन वर्षं वाटत होतं. कात्री घेऊन बसायचे आणि उठायचे. मग १९८२ साली यशोदेच्या भावाचं लग्न निघालं. गुरुदासने धरून नेलं म्हणून मी मिठबावला गेले आणि मांडवात बसवेना म्हणून किनाऱ्याकडे चालत सुटले. तिथे वाळूच्या कडेला एक रायवळ आंबा आहे. समुद्राकडची त्याची बाजू खाऱ्या वाऱ्याने जळून गेलेली, साल नाही, पान नाही, फांद्या हाडांसारख्या पांढऱ्या. आणि गावाकडच्या बाजूला हिरवागार, आंब्यांनी लगडलेला. एकच बुंधा. मी बराच वेळ उभी होते. जेवणाची पंगत चुकली.

घरी येऊन झाड टेबलावर ठेवलं आणि कुंडी सावकाश फिरवत राहिले. झाडाला तोंड असतं. ते कुठल्या बाजूला आहे हे ठरल्याशिवाय कात्री उचलायची नाही. तोवर मी मेलेली बाजू भिंतीकडे करून ठेवत असे. आता तीच समोर घेतली.

सुकलेल्या फांद्यांची साल सोलली. ठसे छापायला लिनो कोरतात त्या गोल पटाशीने लाकूड तंतूंच्या दिशेने ओढून फाडलं. फाडायचं, कापायचं नाही, कापलेलं लाकूड खोटं दिसतं. बुंध्यावर मेलेल्या सालीची एक पट्टी खालून वर वळत गेली होती, ती तशीच उघडी केली. जिवंत साल आणि मेलेलं लाकूड यांची सीमा बोटाला कळते, जिवंत बाजू किंचित फुगीर असते. तिला नख लावायचं नाही. हिरव्या फांद्यांना तांब्याची तार गुंडाळली. मोटारींचं वायंडिंग करणाऱ्या लवूने ती दिली, मी करवंट्यांच्या निखाऱ्यात तापवून मऊ केली. शेंडा खाली आणला, गावाकडे, म्हणजे हिरव्या बाजूला, झुकवला. तार सालीत रुतायच्या आत तुकडे करून काढायची, उलगडायची नाही.

मग लाकडाला चुना-गंधकाचं पाणी. आंब्यावर मारतात तेच, बागायतदार महादू कढवून देतो. दिवाळीनंतर एकदा आणि पावसाआधी एकदा, ओल्या लाकडावर, बारीक ब्रशने. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, शेजारी तक्रार करतील, करू द्यावी. आधी पिवळं दिसतं, उन्हात पांढरं होतं. हे केलं नाही तर आमच्या हवेत ते लाकूड दोन पावसाळ्यांत भुसा होईल.

गावातले लोक त्याला 'म्हातारो' म्हणतात. गेल्या वर्षी पुण्याचे एक जाणकार गृहस्थ आले होते, त्यांनी विचारलं, "ही मृत बाजू कोणी रचली?" मी म्हटलं, मी. हे अर्धंच खरं होतं. मृत्युपत्रात खोटं राहू नये म्हणून नोंदवते.

कलम ६. हे दोन दिवसांनी लिहीत आहे.

काल दुपारी खिडकीतून पाहिलं. गुरुदासला सांगितलं होतं की आतापासूनच पाणी घालायची सवय कर. बावीवर, म्हणजे आमच्या विहिरीवर, यशोदा उभी होती. तिने कळशी भरली, ओंजळीत थोडं पाणी घेतलं, जिभेला लावलं, थुंकली, आणि सगळी कळशी माडाच्या आळ्यात ओतून दिली. मग कुंपणातून पलीकडे, राधाबाईंच्या बावीवर गेली. कळशी घेऊन परत आली, पुन्हा चाखलं, आणि भोक पाडलेल्या करवंटीने म्हाताऱ्याला हळूहळू पाणी घातलं. मी बाहेर गेले.

"काय करतंस गो?"

ती दचकली. इकडेतिकडे पाहिलं. मांजर नव्हतं.

"माका इचारतास?"

"मग कोणाक?"

"पाणी चाखतंय. चैत सरत इलो काय आपली बाव मचूळ जाता. माणसाक चलता, ह्या म्हाताऱ्याक नाय. राधाबायची बाव गोडी आसा."

"आणि गुरुदास?"

"तेंनी एकदाच घातल्यानी. ती पण उरलेली चाय."

"म्हणजे आठ वर्सां तू घालतंस? माका सांगलंस कित्याक नाय?"

"सांगू कोणाक? मांजराक? तेका झाडातला काय कळता?"

मी पायरीवर बसले. मग तिला मिठबावच्या आंब्याचं सांगितलं, सगळं, पंगत चुकल्याचं सुद्धा. तिने झाड निरखून पाहिलं. तोवर तिने ते नेहमी गुन्हा पाहावा तसं पाहिलं असणार.

"म्हणजे आंब्याक खारो वारो लागलो," ती म्हणाली, "आणि ह्येका मी लागलंय."

दोघी इतक्या हसलो की राधाबाई कुंपणाशी आल्या. आमचा आवाज एकत्र ऐकून त्यांना वाटलं, काहीतरी वाईट घडलं.

कलम ४ मी खोडत नाही. मी इतकी वर्षं काय समजत होते ते लिहिलेलं राहू दे. पण ते रद्द. झाड, कुंडी, पटाश्या, कात्री, तारेचं वेटोळं, हे सगळं सौ. यशोदा हिला. चि. गुरुदास याला माझा पितळेचा तांब्या, उरलेल्या चहासाठी.

यशोदेला हे सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. "माका नको, वन्सं. म्हातारो मेलो तर लोक म्हणतले, दोनदा मारल्यान."

"पयल्यांदा मेलो खंय?" मी म्हटलं.

कलम ७. मी कोल्हापूरहून धडधाकट परत आले तर बाकी सगळी कलमं कपाटात बंद राहतील, पण सहावं आजपासूनच लागू आहे. आले तरी झाड तिचंच. पावसाआधी चुना-गंधक मी लावीन, पाणी तिने चाखावं. मांजराला या कामातून मोकळं करण्यात येत आहे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, यशोदेला वाचून दाखवला, आणि तो माझ्या मनासारखा आहे.

ठिकाण : वायरी, मालवण
दिनांक : २१ एप्रिल १९८७

सही : सत्यवती केशव आजगावकर

साक्षीदार :
१. लवू, मोटार वायंडिंगचे दुकान, मालवण (सही)
२. सौ. यशोदा गुरुदास आजगावकर : हे नाव खोडले आहे. खोडाखोड माझी, सही सत्यवती के. आजगावकर. तिला आता मिळायचं आहे, तेव्हा कलम १ प्रमाणे तिची सही चालणार नाही. तिच्या जागी :
राधाबाई, शेजारीण, गोड्या बावीच्या मालकीण (डाव्या हाताचा अंगठा)