आधी आडनाव

माय, तू आज असतीस तर तुला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसवलं असतं. इथं लातूरलाच कॉलेजात समाजशास्त्र शिकवते मी. यंदा पोरांना भेदभावाचा अभ्यास करायला लावला, तोही तुझ्याच पद्धतीनं. एकाच घरमालकाला दोघांनी वेगवेगळे फोन करायचे, खोली रिकामी आहे का विचारायचं, आणि आडनाव आधी सांगायचं. बाकी सगळं सारखं. एकाला "या की, बघून जा", दुसऱ्याला "कालच गेली हो". पोरं चक्रावली. मी कशाची चक्रावते! हे तू मला लातूरच्या उन्हात गल्लोगल्ली फिरवून शिकवलं होतंस.

अकरावीला शिरूर अनंतपाळहून आपण दोघी खोली शोधायला आलो, तो दिवस. तू ठेवणीतलं लुगडं नेसलीस. दारात पोचलं की माझं मनगट धरतेस आणि भाडं विचारायच्या आधी आडनाव सांगतेस, खणखणीत. दारं लागत जातात. खोल्या दाखवणारा एजंट कावून म्हणतो, "मावशी, नुसतं नाव सांगा ना!" तू त्याच्यावरच उखडतेस. "लेकीला शिकवाया आनलंय, लपवाया न्हाई. न्हाई म्हनायचं आसंल तर आदीच म्हनू दे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. खोली नाही मिळाली तर माझं कॉलेज बुडणार, आणि ही बाई भांडत सुटलीय! दिवस कलता कलता एका म्हातारीनं आडनाव ऐकलं, "बरं, मग?" म्हणाली आणि किल्ली काढली. तू माझ्याकडं अशी ऐटीत बघितलंस, जशी काय ती इमारतच तुझी. लई अभिमान वाटतो गं तुझा. तेव्हा वाटला नाही, आता वाटतो.

आता मीही कुठं गेले की आडनाव आधी सांगते. वर्गात, बैठकीत, परवा नवं घर घेताना बिल्डरसमोरसुद्धा. मॅडम लई धीट आहेत म्हणतात पोरं. म्हणू देत. हे पत्र काही कुठं जाणार नाही, म्हणून तुला एकटीला सांगते. आडनाव सांगून झालं, की समोरचा काही बोलेपर्यंत माझा हात अजून आपोआप काहीतरी घट्ट धरतो. पर्स, खुर्ची, जे असेल ते. त्या दिवशी दारोदारी तू माझं मनगट धरत होतीस, तेव्हा मला वाटलं होतं, मी पळून जाऊ नये म्हणून धरतेस.